मरणाऱ्याची लेखी संमती

रंगमंचावर तलवार उपसण्यापूर्वी सुरक्षा कक्षाचा परवाना घ्यावा, असा नियम निघाला आणि तलवारमास्तरांनी निमूटपणे अर्ज केला. तीस वर्षे ते नटांना खोट्या लढाया शिकवत होते. आजवर कुणाच्या नखालाही धक्का लागला नव्हता. यंदा शेवटच्या अंकात खलनायकाला मारणारी सेनापती त्यांची लेकच होती. बत्तीस वारांची ती लढाई बसवायला बापलेकीला सहा महिने लागले होते.

सुरक्षा अधिकारी तालमीला आले. तलवार बोथट असल्याची खात्री त्यांनी स्वतःच्या टायवर करून घेतली.

"हे लढणारे दोघं सारखे एकमेकांकडे टक लावून का बघताहेत?"

"तीच तर आमची शिस्त, साहेब!" मास्तर खुलले. "आधी डोळ्यांत बघायचं. समोरच्यानं मान हलवली तरच वार. आमच्यात लढाई मारणारा चालवत नाही, मरणारा चालवतो."

मास्तरांनी इथे जीभ आवरायला हवी होती. साहेबांनी पेन काढले.

"म्हणजे मरणाऱ्याची संमती घेता. नोंद कुठंय?"

आठवड्याने परवाना आला. प्रत्येक वारापूर्वी मरणाऱ्याची लेखी संमती, तीन प्रतींत. सही करताना हाती तलवार नसावी, म्हणून दोघांना एकेक टेबल. टेबलाला कोपरे असतात, म्हणून हेल्मेट. हेल्मेटमधून नीट दिसत नाही, म्हणून दोघांत बारा फूट अंतर. एवढ्या लांबून तलवार पोचतच नाही, या मास्तरांच्या हरकतीवर साहेबांनी शेरा मारला, 'उद्दिष्ट साध्य.'

"बाबा, मी लढायचं की फॉर्म भरायचे?" लेकीचे डोळे भरून आले. मास्तरांना ते बघवेना. त्यांनी कक्षात जाऊन साहेबांचे पाय धरले.

साहेब काही दुष्ट नव्हते. "दारात अभिप्रायाची वही ठेवा. एका प्रेक्षकानं जरी लिहिलं की खरी लढाई हवी, तरी या सगळ्या अटी रद्द. एक ओळ पुरे."

दुपारचा पहिला प्रयोग खचाखच भरला. सेनापती आणि खलनायक आपापल्या टेबलाशी घाम पुसत सह्या करत राहिले. सतराव्या वाराला खलनायकाचे पेन संपले, तेव्हा तिने आपले त्याच्याकडे फेकले. अखेर सहीखाली तारीख घालून तो बारा फुटांवर मेला. "काय पोरखेळ लावलाय!" कुणीतरी ओरडले, आणि मास्तरांना आनंदाने रडू फुटले.

पडदा पडताच ते दारात वहीपाशी जाऊन उभे राहिले, पेनाचे टोपण काढून. सहाशे माणसे समोरून गेली. "डोक्यावर पडलेत हे नियमवाले!" "कुणीतरी लिहायलाच हवं!"

"लिहा ना, एकच ओळ," मास्तर पेन पुढे करत होते.

"छे हो, माझ्या एकट्याच्या लिहिण्यानं काय होणार? आणि गाडी काढायचीय, मागे रांग लागलीय."

शेवटी एकाने पेन हातात घेतले. मास्तरांनी वही पुढे सरकवली. त्या गृहस्थांनी कोरे पान पाहिले, आपल्याआधी कुणीच लिहिलेले नाही हे पाहिले, आणि बोलता बोलता पेन खिशाला लावून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वहीवर नोंद केली, 'प्रेक्षक समाधानी. हीच पद्धत सर्व नाटकांना लागू करावी.' लेकीने तलवार पेटीत ठेवली. मास्तर अजून रोज वही उघडून दारात बसतात. पेन परत नको म्हणतात, ते ठेवा. पण ती एक ओळ तेवढी लिहून जा. बघा बरं, ते पेन तुमच्याच खिशाला असेल.