बाराची ड्यूटी

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी प्रेमदासांच्या मोबाइलवर तीन लाल तलवारी उमटल्या आणि पोह्यांचा चमचा तोंडापाशी येऊन तिथेच थांबला. हल्ला येत होता. हल्ल्याचं त्यांना विशेष नव्हतं, रोज दोन-चार यायचेच. पण हा निघाला होता खेळातल्या 'फाटक नंबर बेचाळीस' या गावातून, आणि त्या गावाचे मालक बंडूजी अडीच महिन्यांपूर्वी अल्लीपूरला वारले होते. प्रेमदासांनी स्वतः खांदा दिला होता.

प्रेमदास आणि बंडूजी बावीस वर्षं एकाच रेल्वे फाटकावर गेटमन होते. एकाची ड्यूटी दुपारी बारा ते रात्री बारा, दुसऱ्याची त्यापुढे. त्यामुळे जन्माची दोस्ती झाली ती रोजच्या दहा-दहा मिनिटांवर. दुपारी बाराच्या ठोक्याला बंडूजी येत, हिरव्या झेंडीच्या दांड्यानं केबिनच्या दारावर तीनदा ठोकत आणि जास्त साखरेचा चहा पिता पिता भांडण काढत. निवृत्तीनंतर हातांना काम उरलं नाही, तेव्हा दोघं मोबाइलवरच्या या लढाईच्या खेळात शिरले. त्यात आपलं एक गाव असतं, दुसऱ्याच्या गावावर फौज धाडायची असते. आपल्यावर येणारी फौज किती वाजता पोचणार एवढंच दिसतं. आत काय आहे ते चालीवरून ओळखावं लागतं. रूळ कसे गुणगुणतात यावरून मालगाडी की एक्सप्रेस हे सांगणाऱ्या माणसाला यात अवघड ते काय? खेळातली पोरंसोरं त्यांना काका म्हणत आणि अडल्यावर त्यांनाच विचारत.

पोचायची वेळ त्यांनी आता पाहिली. पहिला हल्ला, बारा वाजून शून्य सेकंद. दुसरा, दोन सेकंदांनी. तिसरा, आणखी दोन सेकंदांनी.

झेंडीच्या दांड्याचे तीन ठोके असेच पडायचे.

आता प्रेमदासांची खरी अडचण सांगायला हवी. ते भुताखेतांना मानत नव्हते, आणि हे त्यांनी साऱ्या सावंगीला चाळीस वर्षं ऐकवलं होतं. बैठकीत बाबासाहेबांचा फोटो होता. त्याच्याखाली बसून अंगावर काटा आणण्याची सोय नव्हती. बंडूजींशी भांडण व्हायचं ते याच्यावरूनच. "मी आंधी गेलो त येऊन दाखवतो तुले," बंडूजी म्हणायचे. "दुपारी बाराले. ड्यूटीच्या टायमाले." त्यावर प्रेमदास हसून म्हणायचे, "येजो बाप्पा. चहा ठेवतो."

आणि दुसरी एक गोष्ट होती, ती ते कोणाशीच बोलले नव्हते. तेरवीनंतर ते अल्लीपूरला एकदाही गेले नव्हते. बंडूजींच्या बायकोनं, चतुराबाईंनी, दोनदा निरोप धाडला होता. पण बंडूजी नसलेल्या त्या घरात पाय टाकायची त्यांची छाती होत नव्हती. आज गुडघा दुखतो, उद्या ऊन आहे, असं करत अडीच महिने निघून गेले होते. त्याची त्यांना लाज वाटत होती, आणि मनात लाज असलेल्या माणसाला सावलीही हटकते.

त्यांनी राकेशला फोन लावला. हा तळेगावचा औषधांच्या दुकानातला तरुण, खेळात त्यांच्या गटाचा म्होरक्या; गटाचं धान्य आणि थोडी फौज प्रेमदासांच्या गावात असे.

"काका, कोनी तरी त्याईचा मोबाइल वापरून राह्यलं असन," राकेश म्हणाला. "तुमी आंधी सांगा, येऊन काय राह्यलं?"

प्रेमदासांनी पोह्यांची बशी सरकवून कागद घेतला. आठ वाजता हल्ल्यांची यादी कोरी होती, दहा मिनिटांनी हल्ला दिसला, म्हणजे फौज त्याच दहा मिनिटांत निघाली. पोचणार बाराला. इतक्या अंतराला घोडेस्वारांना तास लागतो, पायदळाला दोन, तोफांना तीन. जवळजवळ चार तास घेणारा एकच. ज्याची चाल सगळ्यात मंद आणि जो आला की गावच आपलं करून टाकतो, तो सरदार. तो कधीच आपोआप निघत नाही, धन्यानं स्वतः मनावर घेतल्याशिवाय तर नाहीच.

"राकेश," ते म्हणाले, "बंडूजी स्वतः येऊन राह्यला."

रुळांशेजारी उभं आयुष्य गेल्यामुळे प्रेमदासांना कमी ऐकू येई, आणि कमी ऐकू येणारा माणूस फोनवर किती मोठ्यानं बोलतो ते शेजाऱ्याला विचारावं. भिंतीपलीकडच्या अंगणात कोकिळाबाई कुरड्या वाळत घालत होत्या. त्यांना पुढचं सारं शब्दन् शब्द ऐकू आलं.

"हाव, बाराले! अडीच महिने झाले त्याले जाऊन, तरी येऊन राह्यला! धान्य लपवून ठेवा. मानसं बारा वाजाच्या आंधी बाहेर काढा, एकबी आत नोको. तो येऊन गेला का मंग लगेच आत घ्या!"

ज्या माणसानं आयुष्यभर लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची टिंगल केली, तोच असं म्हणतो, म्हणजे गोष्ट साधी नाही. कोकिळाबाईंनी कुरड्यांचं ताट तसंच सोडलं आणि ही खबर घेऊन त्या समोरच्या घरी गेल्या. समोरच्यांनी ती कोपऱ्यापर्यंत नेली.

पावणेबाराला प्रेमदासांची सून सरिता दार उघडून बाहेर बघते तो गल्लीतली माणसं झाडून साऱ्या घरांच्या बाहेर. वैशाखाचं ऊन, डांबर मऊ झालेलं, आणि डोक्यावर दुपट्टे घेऊन लोक गुमान उभे. कोणाच्या कडेवर लेकरू, कोणाच्या डोक्यावर गव्हाचा डबा. सगळे प्रेमदासांच्या दाराकडे पाहत होते.

"बाबा, हे काऊन उभे हायत?" सरिता आत येऊन म्हणाली.

"मले काय विचारतं? लाइन गेली असन."

ते बोलायला आणि लाइन जायला एकच गाठ पडली. कूलर घरघरत बंद पडला. एवढ्या उन्हाचं घर एकदम गार पडल्यासारखं वाटलं, आणि इतकं शांत झालं की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बहिऱ्या प्रेमदासांनाही ऐकू येऊ लागला.

त्यांनी खेळातली फौज गावाबाहेर काढली होती. तिन्ही हल्ले रिकाम्या गावावरून गेले की पाचव्या सेकंदाला ती परत फिरवून गाव राखायचं होतं. बोट पडद्यावर टेकलेलं, घामानं निसटत होतं. अकरा एकोणसाठ पन्नास. पंचावन्न.

बारा.

दारावर ठोका पडला. मग दुसरा. मग तिसरा.

प्रेमदासांचं बोट हललंच नाही. पाचवा सेकंद आला आणि गेला. "सरिता," ते म्हणाले, "दार उघड." आणि लगेच, "नोको. मीच उघडतो." इतकी वर्षं बाराला दार त्यांनीच उघडलं होतं.

उंबऱ्यावर चतुराबाई उभ्या होत्या. काखेत कापडी पिशवी, एका हातात बंडूजींचा मोबाइल, दुसऱ्या हातात झेंडीचा दांडा.

"पंधरा मिनटं झाले येऊन," त्या म्हणाल्या. "पन वहीत बाराच लिवलं हाय, म्हून लिंबाखाली उभी राह्यली. भाऊजी, हे लोकं काऊन उभे हायत? कोनी गेलं काय?"

त्यांनी पिशवीतून वही काढली. बंडूजींचं अक्षर, रेल्वेच्या रजिस्टरसारखं सरळ. 'प्रेमदास येईन. नाईच आला त अडीच महिने वाट पाय. मंग आठ वाजून चार मिनटानं हे बटन दोन-दोन सेकंदानं तीनदा दाब, आन् बाराले त्याच्या दारावर तीनदा ठोक. तो घाबरन. घाबरला नाई म्हनन. तू आयकून घेजो.'

प्रेमदासांनी ते दोनदा वाचलं. मग खाली बसले, आणि फोटोखालीच, साऱ्या गल्लीच्या देखत, रडले. "चुकलं माह्यं, वहिनी," ते म्हणाले. "यायले पायजे होतं."

"आता मीच आली ना," चतुराबाई म्हणाल्या. "चहा ठेवता म्हने तुमी."

गल्ली ओसरली. कोकिळाबाई मात्र कुरड्यांचं निमित्त करून भिंतीशीच थांबल्या. प्रेमदासांनी मोबाइल उचलला. फौज बाहेरच राहून गेली होती, आणि गाव आता बंडूजींचं झालं होतं.

"तीनही हल्ले बराबर दोन-दोन सेकंदानं सोडले तुमी," ते डोळे पुसत म्हणाले. "पोराईले जमत नाई हे."

"तीन कुठले?" चतुराबाई म्हणाल्या. "तीन लिवले होते. पन दोन झाले आन् हात कापाले लागला. टाइम निघून गेला. म्या दोनच धाडले, भाऊजी."

प्रेमदासांनी पडद्यावर पुन्हा पाहिलं. तीन होते.

"नेटचं असन काही," ते मोठ्यानं म्हणाले, भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "एकच गोष्ट कधी कधी दोनदा दाखवते."

सरिता चहा गाळत होती. प्रेमदास ओट्यापाशी गेले आणि मांडलेल्या तीन कपांशेजारी त्यांनी एक चौथा ठेवला.

"हा कोनाले, बाबा?"

"साखर जास्त टाक त्याच्यात," प्रेमदास हळूच म्हणाले. "अन् कोकिळाबाईले सांगजो नोको."