टिपणीसकाकांची फुकटची सायकल

दाराला कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून कोणीही बघतं. टिपणीसकाका ते ओढून बघत आणि मग शेजारची बेल वाजवून मला ओढायला लावत. स्वतःच्या हातावर भरवसा ठेवणं बरं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी ओढलं, "लागलंय काका" म्हटलं, की ते माझ्याकडे क्षणभर बघत. मीही कशावरून खरं सांगतेय, हा प्रश्न त्या नजरेत स्पष्ट असे.

गुडगाव तेव्हा नुकतं उगवत होतं. आमच्या सोसायटीच्या पुढे काचेची ऑफिसं उभी राहत होती आणि मागे मोहरीची शेतं होती. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही पुण्याहून इथे आलो आणि मला जवळच्याच शाळेत नोकरी मिळाली. काका-काकू आमच्या आधी वर्षभर, दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आले होते. मजल्यावर मराठी घरं आमची दोनच. त्यामुळे काकांच्या सगळ्या संशयांची साक्षीदार आपोआप मीच झाले.

काका लिफ्टमध्ये शिरण्याआधी ती एकदा रिकामी वर पाठवून परत आणवत. हळदीकुंकवातला नारळ कानाशी हलवून बघत. कोणी "काका, आज छान दिसताय" म्हटलं, तर शांतपणे विचारत, "का बरं?" हे "का बरं?" त्यांचं ब्रीदवाक्यच होतं. सोसायटीच्या सेक्रेटरीने दिवाळीला मिठाईचा डबा दिला तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. हिंदीत विचारलं, एवढंच.

यात त्यांच्या नोकरीचाही हात होता. निवृत्त होईपर्यंत ते सरकारसाठी माल तपासत. त्यातही घोंगड्या. पानिपतला जायचं, गिरणीवाल्याचा चहा नाकारायचा, घोंगडी उन्हात धरायची, गालावर घासायची आणि बहुतेक वेळा "फेल" म्हणून परत यायचं. "पानिपताहून दरवेळी जिंकून परतणारा मराठी माणूस मी एकटाच," असं ते सांगत. हसत नसत. काकू तेवढ्या पदराआड हसत.

मालतीकाकू मूळच्या सांगलीच्या. बोलणं कमी, पोळ्या अप्रतिम. काका दहा शंका काढत, तोवर काकू काम उरकून मोकळ्या झालेल्या असत.

त्या वर्षी काकूंसाठी कपडे धुण्याचं यंत्र घ्यायचं ठरलं. तेव्हा दुकानादुकानांत योजनांचा पाऊस पडत होता. करोल बागेतल्या दुकानदाराने सांगितलं, मशीनवर एक माउंटन बाइक फ्री. काकांनी अर्थातच विचारलं, "क्यों?" दुकानदाराला आजवर कोणी हा प्रश्न विचारला नसावा. तो म्हणाला, "बाऊजी, स्कीम है." काकांचं समाधान झालं नाही, पण मशीन हवं होतं.

मशीन आलं, बसलं, तपासून पास झालं. सायकल मात्र मागाहून एका दुपारी टेम्पोने आली आणि नेमके काका पेन्शनच्या कामाला बँकेत गेलेले. काकूंनीच ती उतरवून घेतली. संध्याकाळी मला हाक आली. खाली पार्किंगमध्ये काका गुडघ्यांवर बसले होते, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात भिंग. सायकल निळी, चकचकीत, जाड टायरांची, गिअरची. समोरच्या दांड्यावर बोटभर लांबीचा ओरखडा होता. एका पेडलचा कोपराही खरवडला होता.

"बघ. जुना माल पॉलिश करून दिलाय," काका म्हणाले.

मी म्हटलं, फुकटची आहे, चालायचंच. त्यावर त्यांनी मला बरंच ऐकवलं. फुकटात दिलेल्या वस्तूत लबाडी करणारा माणूस विकत दिलेल्या वस्तूत काय करत नसेल, असा त्यांचा मुद्दा होता. तो मला अजूनही खोडता आलेला नाही.

मग चौकशी सुरू झाली. चौकीदाराला बोलावलं. तो काकांकडे बघेना, छताकडे बघून म्हणाला, आम्ही काही पाहिलं नाही साहेब. काकांनी त्याचं नाव संशयितांत वरचं धरलं. टेम्पोवाल्याला फोन झाला. त्याने आईची शपथ घेतली, त्यामुळे त्याचंही नाव वर गेलं. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं? गरम पोळी वाढू का?" काकूंवर संशय घेण्याचा प्रश्नच नव्हता.

शनिवारी मला साक्षीदार म्हणून करोल बागेत नेलं. दुकानदाराने लस्सी मागवली. ती काकांनी प्यायली नाही आणि मलाही पिऊ दिली नाही. दुकानदार म्हणाला, स्टिकर लावून देतो, कळणारही नाही. काका म्हणाले, म्हणजे लपवता. तो म्हणाला, रंग मारून देतो. काका म्हणाले, म्हणजे कबूल करता. शेवटी त्या बिचाऱ्याने हात जोडले आणि सायकल बदलून द्यायचं मान्य केलं. परतीच्या बसमध्ये काका अस्वस्थ होते. इतक्या लवकर कबूल झाला, ते का, हा नवा प्रश्न त्यांना पडला होता.

पुढच्या आठवड्यात टेम्पो आला. नवी कोरी निळी सायकल खोक्यासकट. मी शाळेतून येत होते, म्हणून थांबले. काका खाली आले, पण टॉर्च नाही, भिंग नाही. खोक्याला हातही न लावता टेम्पोवाल्याला म्हणाले, "वापस ले जाओ. पहलेवाली ठीक है. माल पास है."

टेम्पोवाला बघतच राहिला. मीही. एकदा फेल केलेली गोष्ट काकांनी नंतर पास केल्याचं मी पाहिलं नव्हतं. पहिल्यांदाच मला काकांचा संशय आला.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला त्यांनी बेल वाजवली. कुलूप ओढायला बोलावतायत असं वाटलं. पण ते आत आले, हळूच दार लावलं आणि म्हणाले, "नीलिमा, तुझ्या मागच्या खोलीची खिडकी जरा वापरू का? मी वीज ऑफिसात गेलोय."

मागच्या खिडकीतून नव्या सेक्टरचा रस्ता दिसायचा. रस्ता झाला होता, घरं व्हायची होती. दुपारी त्यावर फक्त कुत्री झोपलेली असत. काका पडद्याआड उभे राहिले. थोड्या वेळाने सोसायटीच्या मागच्या फाटकातून निळी सायकल बाहेर आली. सायकलवर मालतीकाकू. पंजाबी ड्रेसमध्ये. मी त्यांना कधी साडीशिवाय पाहिलंच नव्हतं.

"ड्रेस गव्हाच्या डब्यात लपवते," काका कुजबुजले.

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. करोल बागेहून परतल्यावर पार्किंगच्या खांबावर त्यांना निळ्या रंगाची रेघ सापडली होती. त्याच संध्याकाळी काकूंच्या कोपरावर हळदीचा लेप दिसला. काय लागलं विचारलं, तर काकू म्हणाल्या, ओट्याची कड लागली. आणि काका "बरं" म्हणाले.

"विचारलं का नाहीत सरळ?"

"विचारलं असतं तर तिने पुन्हा सायकलला हात लावला नसता."

काकू दूर टोकाला जाऊन वळल्या. वळताना त्यांनी एक हात सोडून ओढणी सारखी केली. काकांनी ते टिपलं. "हे काल शिकलेलं नाही. सांगलीचं आहे. लहानपणी चालवत असणार." मग ते म्हणाले, "मला कधी बोलली नाही. मीही कधी विचारलं नाही. इथली घोंगडी उलट, तिथली घोंगडी उलट, यातच गेलं सगळं."



एवढ्यात कोपऱ्यावरून विटांचा ट्रक आला. काकांनी पडदा मुठीत धरला. "ब्रेक दाब," ते बंद काचेला म्हणाले, "डावा दाब, मालती." काकूंनी कडेला पाय टेकला, ट्रक जाऊ दिला, धूळ बसेपर्यंत थांबल्या आणि पुन्हा पेडल मारलं. त्या काहीतरी गुणगुणत असाव्यात, ओठ हलत होते. आमच्यापर्यंत काहीच ऐकू येत नव्हतं. काका मात्र काचेला कान लावून उभे होते.

सायकल फाटकातून आत गेल्यावर ते स्वयंपाकघरात आले. मी पाणी दिलं. पेल्यात न बघता त्यांनी ते पिऊन टाकलं. काकूंना कपडे बदलायला वेळ मिळावा म्हणून थोडा वेळ बसूनही राहिले. मग दाराशी जाऊन अडखळले.

"वीज ऑफिसात आज काय झालं म्हणून सांगू?"

आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी पकडणाऱ्या माणसाला स्वतःला एक साधं खोटं रचता येत नव्हतं. मी म्हटलं, साहेब जागेवर नव्हते म्हणून सांगा.

काकांनी ते सगळ्या बाजूंनी तपासून बघितलं.

"चालेल," ते म्हणाले. "म्हणजे उद्याही जावं लागेल."