काशीदादांची चिठ्ठी

कॉम्प्युटरवर एखादा शब्द शोधून बदलायचा असेल, तर काशीदादा आधी चपला काढतात. 'सगळे बदला' या बटणावर तर त्यांनी कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे, थेट स्क्रीनवर. बदलायची चौकट उघडली की ती सरकवत सरकवत बरोबर चिठ्ठीखाली आणतात आणि मगच कामाला लागतात.

मी शहापुरात कॉलेजला आहे; आमच्या घरातली पहिलीच. सुट्टीत एका कचेरीत गावांच्या याद्या नीट करायच्या कामाला लागले आणि माझी खुर्ची त्यांच्या शेजारी आली. पहिल्याच दिवशी मी चिठ्ठी उचलायला गेले.

"थांब गो. एकेक बघून बदल."

"दादा, तीनशे ओळी आहेत."

"मंग? तुझा मांडव खोळंबलाय का?"

ते प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत. मला, खरं सांगते, ते कामचुकारपणाचं वाटायचं.

मग शिपाईमामांनी सांगितलं की पूर्वी सगळ्यात वेगवान हात दादांचाच होता. साहेब म्हणाले होते, "पाड्यांची नावं कशाला? गावाचं ठेवा, यादी सुटसुटीत दिसते." दादांनी 'सगळे बदला' दाबत जेवणाच्या सुट्टीआधी सगळे पाडे गावांत बदलून टाकले. साहेबांनी पाठ थोपटली. उन्हाळ्यात त्याच यादीवरून पाण्याचे टँकर ठरले. ते गावच्या विहिरीत रिकामे होऊन परत गेले. वरच्या कातळपाड्याला थेंब नाही. पाड्यावरून धरण दिसतं; त्याचं पाणी मुंबईला जातं.

कातळपाडा दादांचाच.

"मग दुरुस्त करून घ्या ना," मी दादांना चाचरत म्हटलं.

"दरसाल अर्ज देतो. साहेब म्हणतात, यादीत नाय त्या पाड्याचा अर्ज घेऊ कसा?"

माझ्या शेवटच्या दिवशी यंदाची यादी आली. दादांनी चपला काढल्या, 'कातळपाडा' टाइप करून शोधलं. सापडलं नाही. त्यांनी चौकट बंद केली.

संध्याकाळी त्यांनी टेबलाखालून दोन कॅन काढले आणि कचेरीच्या नळावर भरले. महिनाभर मला वाटत होतं, त्यांत डिझेल असेल.

"माझ्या आयला आता हंडा घेऊन चढवत नाय," ते म्हणाले.

"आणि दुसरा कॅन?"

"तो पाड्यावर. रोज एका घराला." त्यांनी झाकण घट्ट केलं. "आज सोनीबाय. उद्या तिच्या शेजारची."