कुवाबारांची चाळणी

"आपल्या कंपनीतून एका गिऱ्हाइकाचं जरी नाव बाहेर फुटलं, तर मी कुवाबारा हे आडनाव लावणार नाही!"

कंपनीतली माहिती सांभाळायची जबाबदारी असलेल्या कुवाबारांनी भर बैठकीत असं ठणकावून सांगितलं. जपानातल्या तानाबे गावच्या त्या कंपनीतून उमेबोशी, म्हणजे खारवलेली आंबट फळं, टपालाने घरोघर जायची, आणि अर्ध्या देशातल्या आज्ज्यांचे पत्ते तिच्या संगणकात होते. ते कायद्याप्रमाणे सांभाळले जातात, असं प्रमाणपत्र असेल तरच ओसाकाचं मोठं दुकान माल घेई. यंदा ते नवं करायचं होतं. "हुकलं, तर दुकान जाईल. आणि दुकानामागोमाग तुम्ही," असं मालक त्सुरुमाकींनी चहा ओतता ओतता गोड आवाजात सांगून ठेवलं होतं.

म्हणून कुवाबारांनी कार्यालयाच्या मेलला चाळणी बसवली. परक्या माणसाचं नाव दिसलं, की मेल जागच्या जागी नष्ट! जी माहिती आपल्याकडे नाहीच, ती फुटणार कुठून? कागदालाही हाच न्याय. न मागता आलेलं नाव थेट कागद कापायच्या यंत्रात!

मग प्रमाणपत्रासाठी येणाऱ्या तपासनिसांच्या तारखेची वाट पाहणं सुरू झालं. तारीख काही येईना.

"ओगिनो-सान, काही आलं?"

"नाही हो. तीनदा विचारलं. माणसं आहेत की दगड!" ओगिनो हिशेब सोडून वैतागली.

कुवाबारांना जेवण जाईना, झोप लागेना. जिन्यात पाय वाजला तरी ते दचकून उभे राहू लागले.

अशात एका दुपारी, ऐन जेवणाच्या सुट्टीत, निळ्या कोटातल्या एक बाई आत आल्या. वाकून, दोन्ही हातांनी त्यांनी आपलं कार्ड पुढे केलं. "मी मिनेगिशी..."

कुवाबारांनी पुढचं ऐकलंच नाही. जेवणाची सुट्टी, निळा कोट, जाड बॅग. सुट्टी गाठून विमा विकायला येणारी विमावालीच! त्यांनीही वाकून, दोन्ही हातांनी कार्ड घेतलं आणि न वाचता यंत्रात सोडलं. खर्रर्र!

"माफ करा, न मागता आलेली माहिती आम्ही ठेवत नाही. विमा नको."

सगळ्यांनी जेवण सोडून यंत्राकडे पाहिलं. ज्या कार्डाला माणसाइतकाच मान, ज्यावर चहाचा पेला टेकवायलाही कुणी धजत नाही, त्याच्या शेवया झाल्या होत्या!

"मी विमावाली नाही," बाई म्हणाल्या. "तपासनीस आहे. तारखेसाठी नेहमीसारखे दोन मेल पाठवले होते. एकात कुलूप लावलेली फाईल, दुसऱ्यात तिची किल्ली, म्हणजे पासवर्ड. तरी तुम्ही पुन्हा पुन्हा तारीखच विचारत राहिलात, म्हणून आज स्वतःच आले."

ओगिनोने हळूच संगणकाचा पडदा वळवला. चाळणीच्या पोटात एकीखाली एक ओळी लागल्या होत्या: 'परक्याचं नाव सापडलं. नष्ट केलं. निश्चिंत राहा. — कुवाबारा.'

कुवाबारा इतके वाकले की कपाळ टेबलावर आपटलं.

"कायदा माहिती सांभाळा म्हणतो, गिळा म्हणत नाही," मिनेगिशी म्हणाल्या. "पाचपर्यंत ही चाळणी बंद करून दाखवा. मग शिक्का मारते."

"आत्ता करतो!" त्यांनी चाळणी विकणाऱ्याला फोन लावला. "मोरिवाकी-सान, बंद करायचा पासवर्ड सांगा!"

"फोनवर? तुमच्याच सहीशिक्क्याच्या नियमात मनाई आहे. मेल करतो."

"मेल नको! घेऊन या!"

"ओसाकाहून? रात्र होईल हो. हे बघा, गेलासुद्धा. कुलूपवाली फाईल, आणि ही किल्ली."

टिंग! 'निश्चिंत राहा. — कुवाबारा.' टिंग! 'निश्चिंत राहा. — कुवाबारा.'

"अहो, तुमचं नाव न घालता पाठवा!" कुवाबारा रडकुंडीला आले.

"नाव न सांगता? गिऱ्हाइकाला? एवढा उद्धटपणा माझ्या हातून व्हायचा नाही!" मोरिवाकी दुखावले. त्यांनी लगोलग माफीचा मेल धाडला. त्यात त्यांचं नाव चार ठिकाणी होतं. टिंग!

पाच वाजले. मिनेगिशींनी शिक्क्याची डबी न उघडताच बॅगेत टाकली. "यंदा प्रमाणपत्र नाही."

तेवढ्यात मालकांच्या खोलीचं दार सरकलं. "कुवाबारा-सान, जरा आत येता?" त्सुरुमाकींचा आवाज साखरेहून गोड होता.

कुवाबारा उठले. मिनेगिशी निरोपासाठी वाकल्या, आणि मालकांच्या उघड्या दाराकडे पाहून त्यांनी मनापासून कळवळून विचारलं, "कुवाबारा-सान, तुमचा विमा आहे ना?"