सराईवाला खाकरतो

माणूस हा समाजशील प्राणी आहे, असे विद्वानांनी लिहून ठेवले आहे. (हे लिहिताना ते खोलीचे दार आतून लावून बसले होते, ही बाब तूर्त बाजूला ठेवू.) या नियमाला आमच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर हे एक सन्माननीय अपवाद होते.

डॉक्टरांनी हा पेशा पूर्ण विचारान्ती निवडला होता. समोरच्याच्या तोंडात आरसा, कापूस आणि आपली दोन बोटे असली की तो बोलू शकत नाही, म्हणून आपल्यालाही बोलावे लागत नाही. ‘आ करा’ आणि ‘चूळ भरा’ या दोन वाक्यांवर त्यांचा दवाखाना उत्तम चालला होता. उरलेले सगळे बोलणे त्यांची थोरली बहीण करी. ताई बाहेरच्या टेबलाशी बसून पेशंटना वेळ द्यायची, धीर द्यायची, रडणाऱ्याला पाणी द्यायची आणि घरमालकाशी भांडायची. लिफ्टमध्ये शेजारी भेटला, तर डॉक्टर बुटाची नाडी बांधायला खाली वाकत. (त्यांच्या बुटांना नाडी नव्हती.)

अशा गृहस्थांनी कॉम्प्युटरवर अनोळखी लोकांशी गप्पा मारण्याचा खेळ खेळावा, हे कोणालाही खरे वाटणार नाही. पण यात त्यांची फसवणूक झाली होती. ‘आपली स्वतःची सराय बांधा’ एवढेच जाहिरातीत लिहिले होते. सराय म्हटली की मुक्कामाला पाहुणे येतात, हे लिहिले नव्हते.

खेळातले राज्य जुन्या काळातले होते. ज्याने त्याने एक सोंग घ्यायचे (राणी, लोहार, मारेकरी, जे जमेल ते) आणि त्या सोंगातच वागायचे. बोलायचे ते सरळ टाइप करायचे, करायचे ते कंसात. स्वतःविषयी चकार शब्द काढायचा नाही. डॉक्टरांनी एकडोळ्या नावाचा सराईवाला घेतला. ढेरपोट्या, झुबकेदार मिशांचा आणि आवाजाने भांडी हलवणारा.

पहिल्या संध्याकाळी सराईमध्ये एक मारेकरी आला.

(सराईवाला खांबामागे जातो.)

(मारेकरी दुसऱ्या खांबामागे जातो.)

बराच वेळ राज्यात शांतता नांदली. प्रस्तुत लेखकाच्या ढोबळ अंदाजाप्रमाणे त्या राज्याची पाऊण प्रजा सुरुवातीला खांबांमागेच उभी असे, आणि खांब अपुरे पडतात अशी तक्रार वरचेवर होई. अखेर मारेकऱ्याने धीर केला.

(मारेकरी खाकरतो.) ‘गरम काही मिळेल का? नसलं तरी चालेल. मी आपलं उगाच विचारलं. सॉरी.’

आपल्यापेक्षाही बुजरा माणूस जगात आहे आणि तो खून करून पोट भरतो, हे कळल्यावर डॉक्टरांना फार बरे वाटले.

(सराईवाला खाकरतो.) ‘मिळेल की! बस निवांत. सुरी तेवढी बाहेर ठेव.’

परक्या माणसाशी ते आयुष्यात पहिल्यांदाच इतके बोलले.

मग रोज दवाखाना बंद झाला की एकडोळ्या गल्ल्यावर बसू लागला. त्याने राणी आणि लोहार यांच्यात समेट घडवून आणला. उधळलेल्या शिपायांना बखोट धरून बाहेर काढले. कोणी गप्प बसलेला दिसला, तर तो जवळ जाऊन ‘काय रे, आज गप्पसा?’ असे विचारी. यामागचे शास्त्र साधे आहे. फजिती झालीच तर ती एकडोळ्याची होणार. डॉक्टरांचे काय जाते? आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला की ताई म्हणायची, ‘अरे, तो रेडिओ जरा बारीक कर.’

याच सुमारास दुसरे एक प्रकरण निकालास आले. कोपऱ्यावरचे औषधांचे दुकानदार कित्येक वर्षे नियमाने दात दाखवायला येत. त्यांच्या दातांत काहीही दोष नव्हता. दात दाखवून झाले की ते ताईच्या टेबलाशी बराच वेळ उभे राहत, हेही सगळ्यांना ठाऊक होते. त्यांनी लग्नाचे विचारले, तेव्हा ताई ‘बघू’ म्हणाली. पुन्हा विचारले, पुन्हा ‘बघू’. आपण गेलो तर भावाच्या वतीने जगाशी बोलणार कोण, हा तिच्यापुढचा पेच होता आणि तो ती कोणाला सांगत नव्हती.

शेवटी एका रविवारी सकाळी दुकानदारांच्या आईच मुलाला घेऊन घरी दाखल झाल्या. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या बसल्या तशी खोलीतल्या खुर्च्याही सरळ बसल्याचा भास झाला.

‘डॉक्टर, हिच्या घरचे तुम्ही एकटेच. तुमचं काय म्हणणं आहे? स्पष्ट सांगा.’

डॉक्टर बुटाची नाडी बांधायला वाकले. (या वेळी पायांत बूटही नव्हते.)

‘त्याला काय विचारता?’ ताई घाईने म्हणाली. ‘मीच सांगते. हे काही जमायचं नाही, बाई. माझ्याशिवाय त्याचं...’

‘सराईवाला खाकरतो,’ डॉक्टर मोठ्याने म्हणाले.

कोण आले म्हणून ताईने दाराकडे पाहिले.

‘सराईवाला मिशीवरून हात फिरवतो.’ डॉक्टरांनी आपल्या गुळगुळीत ओठावरून हात फिरवला. दुकानदार मनातल्या मनात योग्य ती गोळी शोधू लागले.

‘अरे, काय बोलतोयस तू?’ ताई कुजबुजली.

‘बाई,’ डॉक्टरांच्या आवाजाने कपबश्या किणकिणल्या, ‘ही सराय आजवर हिनं चालवली. मी नुसता आत बसून होतो. हिला तुमचा मुलगा आवडतो, आणि ही माझ्यासाठी नाही म्हणतेय. आता हिला जाऊ द्या. दारात येईल त्याच्याशी मी बोलीन. चुकेन, अडखळेन, पण बोलीन.’

एवढे बोलून ते पुन्हा डॉक्टर झाले. कान लालबुंद.

मुख्याध्यापिकाबाईंनी कप खाली ठेवला. आता वर्गाबाहेर उभे करतात की काय, असे सर्वांना वाटले.

‘मुलाची आई,’ त्या सावकाश म्हणाल्या, ‘खुर्ची पुढे ओढते.’ आणि त्यांनी खरोखरच ओढली. ‘ती सकाळपासून घाबरलेली असते. ही माणसं नाही म्हणतील, म्हणून ती आधीच आवाज चढवून आलेली असते.’

‘मुलगा घाम पुसतो,’ दुकानदार घाम पुसत म्हणाले.

राहिली ताई. जन्मभर दोघांपुरते बोललेल्या बाईला आता स्वतःपुरते बोलायचे होते, आणि ते काही केल्या सुचेना. तिने भावाकडे पाहिले. भाऊ कपात पाहत होता.

‘ताई रडते,’ ती बारीक आवाजात म्हणाली. ‘पण हो म्हणते.’

अशा रीतीने, कोणालाही स्वतः म्हणून एक अक्षर बोलावे न लागता, कित्येक वर्षे रखडलेले प्रकरण चहा निवायच्या आत निकाली निघाले.

लग्न झाले. ताई पुढच्या गल्लीत राहायला गेली. बाहेरचे टेबल आता डॉक्टर स्वतः सांभाळतात. सुरुवातीला पेशंट दचकत. एका वयस्कर गृहस्थांना ‘या, या! घोडा कुठे बांधलात?’ असे विचारले गेले, तेव्हा त्यांनी ‘मागच्या गल्लीत लावलाय, चालेल ना?’ असे उत्तर दिले. पेशंट वाढले आहेत. दात न दुखणारेही येतात.

परवा प्रस्तुत लेखक तिथे गेला. दाढ ठणकत होती, गाल टम्म सुजला होता, आणि घरी आदल्या दिवसापासून कोणी कोणाशी बोलत नव्हते. डॉक्टरांनी उठून माझ्या डोळ्यांत पाहिले आणि विचारले, ‘कसे आहात?’

‘मजेत,’ मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्या सुजलेल्या गालाकडे पाहिले. मग हळूच विचारले, ‘हे कोण बोललं?’

मी सरळ आ केला.

असो. आमचे राहू द्या. वाचकहो, आपण कसे आहात?

(‘मजेत’ ना? वाटलंच.)