आउए म्हणण्यास सक्त मनाई

माणूस जातो, परंतु नीट जतन केलेला माणूस कुठेही जाऊ शकत नाही. याच उदात्त विचाराने आमच्या सामोआतील सवाई बेटावर सामान्य जनांच्या आठवणी व लोककथांचे डिजिटल संग्रहालय उघडले. देव संग्रहालयवाल्यांचे भले करो, कामात कसूर म्हणून नाही.

आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने मधूनमधून "आउए" म्हणायचे असते. म्हणजे जागे आहोत, पुढे सांगा. आउए आले नाही की सांगणारी समजते, हा झोपला, आणि थांबते. संग्रहालयाच्या नियमावलीत ही प्रथा 'गोंगाट' या सदरात मोडते. नियम सात: ध्वनिमुद्रण चालू असता ऐकणाऱ्याने तोंड उघडू नये (जांभईसाठी पूर्वपरवानगी आवश्यक).

झऱ्यात उतरलेल्या मुलीची गोष्ट शेवटापर्यंत येणारी एकटी लुपेआजी उरली होती. तिचा घसा बसत चालला होता. पार बंद होण्याआधी गोष्ट कुणाच्या तरी ओटीत घालावी म्हणून ती आपण होऊन गेली. अधिकारी फिलिपोसाहेबांनी यंत्र लावले. मुलगी झऱ्यात उतरली, आणि आजी थांबली.

साहेब नियमाने गप्प.

"झोपलास होय रे?" आजी म्हणाली. "तुझी आई निदान घोरायची तरी. कळायचं बाई."

साहेबांनी जोरात मान हलवली. (मान मुद्रित होत नाही. आजीला मोतीबिंदू होता.) चार मिनिटे वाट पाहून तिने चटई गुंडाळली.

अशी ती सहा वेळा गेली. सहाही वेळा मुलगी झऱ्यात उतरली. वर एकदाही आली नाही.

पुढे आजीचा आवाज गेला, मग आजी. संग्रहालयाला निर्दोष ध्वनीबद्दल मानपत्र मिळाले: मुद्रण एकेचाळीस मिनिटे, पैकी शांतता चोवीस, गोंगाट शून्य. गोष्टीपुढे 'पूर्ण' असा शेरा आहे. आजवर अकरा हजार जणांनी ती कानात इअरफोनची बोंडे घालून ऐकली. आजी प्रत्येकाला विचारते, "झोपलास होय रे?" कुणी उत्तर देत नाही. (अभिप्राय: 'छान झोप लागते.')

सहाव्या खेपेला परतताना आजी माझ्या चुलीपाशी टेकली होती. मी नारळ खवत होते, सवयीने आउए म्हणत गेले. नियमावली काही वाचलेली नव्हती. त्यामुळे मुलीचे पुढे काय झाले, ते मला ठाऊक आहे.

इथे लिहूनच टाकणार होते. पण तुम्ही इथवर आलात, आणि एकदाही 'हं' म्हणाला नाहीत.

असू दे. निजा सावकाश.