हेराने ओळखिलेला परका

श्री. जो एकापासोन अनेक करितो आणि अनेकांत एकासच ओळखितो, तयास नमन करोन लेखणी उचलिली. शके १९४१, विकारीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे. राज्य म्हणजे सूक्ष्म जीवांची प्रयोगशाळा, अधिपती श्रीमंत विश्राम देवस्थळी, आणि पदरी संशोधक वैजयंतीबाई हळबे. प्रजा म्हणावी तर यीस्ट, जे पाव फुगविते. त्याचे पेशीत एक प्रथिन कारभारी असे, जनुकांस हुकूम सोडणारे. साखर सरली म्हणजे तो गाभ्यात शिरोन सूत्रे हाती घेतो, ऐसे बाईंचे अनुमान. ते सिद्ध करावे यास्तव बाई तीन वर्षे कंबर कसोन बसल्या. कारभारी डोळ्यांस दिसेना, म्हणोन परमुलखातून हेर आणविला, ज्यास प्रतिपिंड म्हणती. एकाच पेशीची लेकरे, हजारो असोन एका चेहऱ्याची, आणि ओळखावे तेही एकाच प्रथिनास, ऐसी त्यांची ख्याती. मग गाभ्यातील प्रथिने काढोन फिल्मवर हेराची साक्ष घेतली, आणि पाहिजे तेथेच काळी रेघ उमटली. दरबारी आनंदीआनंद जाहला, पेढे वाटिले, आणि विजयपत्र परदेशीच्या मासिकास रवाना जाहले.

त्या राज्यात रीत होती की, कारभाऱ्याचे जनुकच काढिलेले, म्हणोन कारभारीच नसलेले यीस्ट प्रत्येक फिल्मच्या कडेस बसवावे. तेथे रेघ उमटू नये. आणि दुसरी रीत ऐसी की, कडेस काही नसतेच, सबब फिल्म सुबक दिसावी म्हणोन ती पट्टी अंधारखोलीतच, न पाहता, कातरोन टाकावी. शहाण्यांच्या राज्यी ऐसेही होते! बाईंनी स्वहस्ते सतरा वेळा कातरिले. अठराव्या वेळी कातरी कोणी उसनी नेली, आणि फिल्म तैसीच उजेडात आली. पाहतात तो कडेसही रेघ, ठसठशीत. कारभारी नाही तेथे हेर कोणास ओळखितो?

बाईंच्या पायांखालची वाळू सरकली. अंधारखोलीचे रखवालदार भिकोबा सावंत, काटकसरी मनुष्य, तयांस बाईंनी जुन्या पट्ट्यांचे पुसिले, तो ते वदले, "बाई, मला काही टाकवत नाही. तुमच्या सगळ्या पट्ट्या बिस्किटाच्या डब्यात आहेत." सतराही पट्ट्यांवर रेघ होती. बाई तेथेच स्टुलावर बैसोन रडिल्या, आणि रडता रडता एकेक पट्टी उजेडास धरोन पाहूही लागल्या, कारण कुतूहल त्यांचा पिच्छा सोडीना.

मग तिसरे दिवशी श्रीमंतांपाशी गेल्या. श्रीमंत कष्टी होवोन बोलिले, "आजवर कडेची पट्टी कोणी मागितली नाही. कातरा आणि गप्प बसा. तीन वर्षे आहेत तुमची, बाई."

"माझी आहेत, म्हणूनच ते पत्र परत मागते," बाई बोलिल्या. "हेर खोटे बोलला नाही, श्रीमंत. तो कोणालातरी ओळखतोय. आपणच त्याला कारभाऱ्याचे नाव दिले."

श्रीमंतांनी चष्मा चढवोन पट्टी खिडकीशी नेली आणि हळूच पुसिले, "मग हा कोण?"

"ठाऊक नाही," बाई म्हणाल्या, आणि तीन दिवसांत प्रथमच हासल्या.

येणेप्रमाणे विजयपत्र मागे घेतले. कारभारी गाभ्यात शिरतो की नाही, हे त्या राज्यात अद्याप कोणास ठाऊक नाही. मागे घेतल्याच्या पत्रावर पहिली सही वैजयंतीबाईंची, आणि तिच्या खाली श्रीमंतांची.